ट्रांकेबारची मंडळी कुणाची? एका ल्यूथरन मंडळीचा प्रकरण अभ्यास

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कावेरीच्या सुपीक पट्ट्यात, तरंगंबाडी नावाचं लहानसं गाव आहे. युरोपीय कागदपत्रांत त्याचं नाव ट्रांकेबार. जुन्या वेशीतून आत शिरलं की किंग स्ट्रीट नावाचा रस्ता सरळ समुद्राकडे जातो. या एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन जुनी चर्च उभी आहेत. सायन चर्च १७०१ सालचं, न्यू जेरुसलेम चर्च १७१८ सालचं. दोन्ही डॅनिश अमदानीत उभी राहिली आणि दोन्ही ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचीच. आज मात्र सायन चर्च ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’कडे आहे आणि न्यू जेरुसलेम ‘तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च’कडे.

म्हणजे ज्या चर्चमध्ये डॅनिश अधिकारी, व्यापारी आणि शिपाई उपासनेला बसत ते ल्यूथरन राहिलं नाही. ज्यात त्यांचे गुलाम, नोकरचाकर आणि आसपासच्या खेड्यांतले तमिळ लोक बसत, ते राहिलं. राजाश्रय एकाला होता आणि पंथ दुसऱ्याने टिकवला. हे कसं घडलं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे या मिशनचा संस्थापक, जर्मन मिशनरी बार्थोलोमॉयस झीगेनबाल्ग. मिशनरी इतिहासाची पुस्तकं १७०६ साली सुरू होतात, त्याच्या मृत्यूपर्यंत दमाने चालतात आणि नंतरची दोनशे वर्षं भराभर उरकतात. माझ्या मते त्यामुळे मुद्दाच निसटतो. संस्थापकामुळे मंडळी, म्हणजे चर्चचा हा ख्रिस्ती समुदाय, सुरू का झाली हे कळतं, ती टिकली का हे कळत नाही. ट्रांकेबारच्या मंडळीची ओळख ठरली ती तिची सोपवणूक झाली त्या त्या वेळी: एक मालक हात काढून घेत होता, दुसरा यायचा होता आणि मधल्या काळात मंडळीला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागत होतं.

राजाचं मिशन, हाल्लेची माणसं

तंजावरचे नायक राजे रघुनाथ यांच्याशी १६२० साली करार करून डॅनिशांनी ही जागा मिळवली आणि डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे नायकांचं राज्य गेलं, व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतलं आणि जागेचा खंड मराठा राजांकडे जाऊ लागला. मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवायला हवं. वसाहत होती मूठभर, तिच्या भोवतीचा सगळा मुलूख मराठ्यांचा. वेशीबाहेर जाऊन प्रचार करायचा तर तंजावर दरबाराची मर्जी लागे आणि ती सहजी मिळत नसे.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने स्वतःच्या अधिकारात या वसाहतीसाठी मिशनरी नेमायचं ठरवलं. माणसं मिळाली जर्मनीतून. हाल्ले इथे आउगुस्ट हेरमान फ्रांके याच्याभोवती जमलेल्या पायटिस्ट, म्हणजे व्यक्तिगत भक्तीवर आणि शुद्ध आचरणावर भर देणाऱ्या, ल्यूथरन मंडळींतले झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुचाव ९ जुलै १७०६ रोजी ट्रांकेबारच्या किनाऱ्यावर उतरले. व्यापारी कंपनीला ते नको होते. धर्मांतराने गावात तंटे होतील, गुलाम हातचे जातील, शेजारचा राजा बिथरेल, ही धास्ती तिला होती. कमांडंट हासियसशी झीगेनबाल्गचे इतके खटके उडाले की १७०८ च्या अखेरीस त्याला किल्ल्यात डांबण्यात आलं. चार महिने तो कैदेत होता. ल्यूथरन राजाने धाडलेला ल्यूथरन मिशनरी ल्यूथरन कमांडंटाच्या कोठडीत पडला होता. नुसत्या पंथाच्या नावावरून इथलं काहीच उलगडत नाही, हे एवढ्यावरूनच दिसतं.

पहिले बाप्तिस्मे १७०७ च्या मे महिन्यात झाले, ते डॅनिशांच्या घरच्या पाच गुलामांचे. त्याच वर्षी मिशनने आपलं वेगळं छोटं चर्च बांधलं, ‘जेरुसलेम’. सायन चर्च जवळच असताना दुसरं चर्च बांधावं लागलं. मालक आणि गुलाम एका बाकावर बसणार नव्हते, शिवाय सायनमधली उपासना डॅनिश भाषेत चाले. नव्या मंडळीत तमिळ आणि पोर्तुगीज अशा दोन भाषा होत्या. वसाहतीतल्या मिश्र वंशाच्या आणि घरकामाला असलेल्या बऱ्याच लोकांची बोली पोर्तुगीज होती. मंडळी पहिल्या दिवसापासून दुभाषी, गरीब आणि वेगळी बसवलेली अशी होती.

ते चर्च लहान पडू लागलं तेव्हा आजचं न्यू जेरुसलेम बांधलं गेलं. ११ ऑक्टोबर १७१८ रोजी त्याचं समर्पण झालं. चार महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १७१९ ला, झीगेनबाल्ग वारला आणि याच चर्चमध्ये त्याला पुरलं. तेव्हा त्याचं वय होतं ३६.

इमारत बारकाईने पाहण्याजोगी आहे. दर्शनी भिंतीवर मुकुट आहे, त्याच्याखाली फ्रेडरिकचं मोनोग्राम आणि १७१८ हे वर्ष. क्रूस नव्हे, ख्रिस्ताचं वचन नव्हे, तर राजाची मोहोर. जाणाऱ्या-येणाऱ्याला, आणि विशेषतः वसाहतीतल्या अधिकाऱ्यांना, ही मंडळी कुणाच्या छत्राखाली आहे हे बाहेरूनच कळावं, अशी ती योजना होती. आराखडा मात्र क्रूसाकृती, चारी बाजूंना सारख्या भुजा. मधोमध उभं राहिलं तर चारही भुजा दिसतात, पण एका भुजेत बसलेल्या माणसाला शेजारच्या भुजेतला माणूस दिसतोच असं नाही. मंडळीतली आसनव्यवस्था पुढे कशी लागली हे वाचताना हा आराखडा डोळ्यांपुढून हलत नाही.

शिशाचे खिळे

या मंडळीचा खरा पाया छापखान्यात घातला गेला असं मी म्हणेन. लंडनच्या एसपीसीके या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, संस्थेने छपाईयंत्र पाठवलं, ते १७१२ साली पोचलं. तमिळ खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, १७१३ साली हाल्लेहून आले. हे खिळे फार मोठे होते. त्या आकारात नवा करार छापायचा तर कागद पुरणं अवघड होतं आणि कागद म्हणजे जहाजाने येणारी महाग वस्तू. मग इथेच बारीक खिळे ओतायचं ठरलं. शिसं कुठून आणायचं? इंग्लंडहून आलेल्या चेशायर चीजच्या डब्यांची शिशाची आवरणं वितळवून बारीक तमिळ अक्षरं ओतली गेली. जवळच्या पोरैयार इथे कागदाची गिरणीही घातली. १७१५ साली तमिळ नवा करार पुरा छापून झाला.

डॅनिश राजाचा पैसा, जर्मन माणसं, इंग्रजांचं यंत्र, असा हा जमाखर्च. पण त्यातून जे बाहेर पडलं ते तमिळ होतं आणि लोकांच्या हातात जाणारं होतं. नव्या कराराबरोबर ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरावली तमिळमध्ये आली आणि जर्मन चालींवर बसवलेली तमिळ गीतंही आली. ल्यूथरन असणं म्हणजे नेमकं काय, असं त्या काळच्या एखाद्या सभासदाला विचारलं असतं तर १५३० च्या ऑग्जबर्ग विश्वासांगीकाराचं, म्हणजे ल्यूथरन श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाचं, नाव त्याला सांगता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा अर्थ त्याला या प्रश्नोत्तरावलीतून तोंडपाठ होता. पंथ त्याच्यापाशी पाठांतर होऊन आला होता.

हाल्लेलाही या मंडळीच्या भोवतालचं जग नीट कळलं नव्हतं. झीगेनबाल्गने तमिळ लोकांना पत्रं लिहून त्यांच्या श्रद्धांविषयी प्रश्न विचारले, उत्तरं जमवली आणि १७१३ साली दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक मोठा ग्रंथ लिहून युरोपला धाडला. फ्रांकेला तो छापण्याजोगा वाटला नाही. मूर्तिपूजा मोडायला पाठवलेल्या माणसाने तिची माहिती युरोपात पसरवावी, हे त्याला पटेना. ग्रंथ छापला गेला १८६७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. मिशनचं वरिष्ठ कार्यालय आणि मंडळीत प्रत्यक्ष राहणारा माणूस यांच्यातली ही तफावत पुढे वारंवार दिसते.

मराठ्यांच्या फौजेतला शिपाई

छापलेलं पुस्तक वेशीबाहेर गेलं. मिशनरींना तंजावरच्या मुलखात मज्जाव होता, पुस्तकाला नव्हता. राजनायक्कन नावाचा एक माणूस मराठा राजाच्या फौजेत होता. जातीने परैयर, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातीतला, धर्माने रोमन कॅथलिक. त्याच्या हाती ट्रांकेबारला छापलेलं शुभवर्तमान पडलं, त्याने ते वाचलं आणि १७२० च्या दशकाच्या अखेरीस तो ल्यूथरन मंडळीत आला. पुढे फौज सोडून तो उपदेशक झाला. तंजावर मुलखात मिशनचे पाय रोवले ते मुख्यतः त्याच्या आणि त्याच्यासारख्या तमिळ उपदेशकांच्या पायपिटीने.

तोवर मंडळीला आपला पाळकही हवा होता. २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन नावाच्या उपदेशकाला ट्रांकेबार इथे पाळकदीक्षा मिळाली. भारतीय प्रॉटेस्टंटांमधला हा पहिला दीक्षित पाळक. आरोन कडलूरचा, वेल्लाळ या वरच्या शेतकरी जातीचा, झीगेनबाल्गच्या हयातीत बाप्तिस्मा घेतलेला. मायावरमकडच्या खेड्यांतल्या मंडळ्या त्याने १७४५ पर्यंत, मरेपर्यंत सांभाळल्या. भारतातल्या ल्यूथरन मंडळ्यांना या दिवसाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. ज्या काळात युरोपीय वसाहतवाल्यांना स्थानिक माणूस दुभाषा आणि चाकर याखेरीज कुठल्या नात्याने दिसत नव्हता, त्या काळात त्याच्या हाती प्रभुभोजनाचा प्याला आणि मंडळीचा कारभार दिला गेला.

दुसऱ्या दीक्षेच्या वेळी काय झालं, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. १७४१ साली दुसरा तमिळ पाळक नेमायचा होता. राजनायक्कनचं नाव चर्चेत होतं. अनुभव, निष्ठा, लोकांतला वावर, सगळ्याच बाबतीत तो लायक होता. नेमणूक झाली दियोगो या वरच्या जातीच्या उपदेशकाची. मिशनरींनी कारणही लपवलं नाही: परैयर पाळकाच्या हातून वरच्या जातीचे ख्रिस्ती प्रभुभोजन घेणार नाहीत. आपल्याला स्वतःला राजनायक्कनविषयी आदर आहे, पण मंडळीत फूट नको, असा त्यांचा सूर होता. राजनायक्कन १७७१ पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत उपदेशकच राहिला.

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला हेच वाटतं. मंडळीच्या शिकवणीत सगळे विश्वासणारे याजक होते, ल्यूथरचा हा मूळ सिद्धांत. चर्चमध्ये मात्र वेगवेगळ्या जातींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि वेदीपाशी कुणी आधी जायचं याचाही क्रम ठरलेला होता. मिशनरींनी ही तडजोड ‘तूर्तास’ म्हणून केली. ती शंभर वर्षांहून जास्त टिकली.

मालक हात काढून घेतो

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनचा भर तंजावर, तिरुचिरापल्ली आणि मद्रासकडे सरकला. मद्रासच्या वेपेरीत योहान फिलिप फॅब्रिशियसने शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, तमिळ भाषांतर नव्याने केलं. त्याचा नवा करार १७७२ साली आला. क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० साली ट्रांकेबारला उतरला आणि पुढे तंजावरात स्थिरावला. तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा तो गुरू आणि पाठीराखा. श्वार्ट्झ १७९८ साली वारला, तेव्हा सरफोजींनी जॉन फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे. मरणशय्येवर श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजी, असं ते शिल्प. भोसले कुळातल्या हिंदू राजाने ल्यूथरन पाळकासाठी उभारलेलं हे स्मारक मराठी माणसाने एकदा तरी पाहावं.

तंजावरची ही मंडळी इथे महत्त्वाची आहे ती तुलनेसाठी. पाळक ल्यूथरन, शिकवण ल्यूथरन, गीतं तीच, पण पगार आणि मालमत्ता इंग्रज एसपीसीकेची. १८२५ च्या सुमारास ही मिशनं एसपीजी या दुसऱ्या अँग्लिकन संस्थेकडे सोपवली गेली आणि तंजावरची मंडळी अँग्लिकन झाली. सभासदांना कुणी विचारलं नाही. ज्याच्या नावावर दप्तर, त्याचा पंथ.

ट्रांकेबारचंही तेच व्हायच्या बेतात होतं. १८०८ ते १८१५ गाव इंग्रजांच्या ताब्यात होतं. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क कंगाल झालं होतं. हाल्लेतला जुना पायटिस्ट जोम विझला होता, तिथे आता बुद्धिवादी धर्मशास्त्राचा वरचष्मा होता. नवे मिशनरी येईनात. तंजावर मुलखातल्या ट्रांकेबारच्या खेड्यांतल्या मंडळ्या १८२० साली इंग्रज मिशनच्या स्वाधीन केल्या गेल्या. डॅनिश सरकारला धर्मप्रचारात रस उरला नव्हता. जुन्या मिशनचा शेवटचा मिशनरी केमरर १८३७ साली वारला. १८४५ साली डेन्मार्कने ट्रांकेबार आणि सेरामपूर या वसाहती साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकल्या. सायन चर्चचे ल्यूथरन जहाजात बसून निघून गेले आणि ते चर्च पुढे अँग्लिकन झालं. त्या वाटेने ते आज चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे.

न्यू जेरुसलेमची मंडळी कुठे जाणार होती? ती इथलीच होती. भिंतीवर अजून फ्रेडरिकचा मुकुट, गावावर इंग्रजांचा झेंडा, पगार द्यायला कुणी नाही. अँग्लिकन होणं सोपं होतं, खेड्यांतल्या मंडळ्या झाल्याच होत्या.

लाइपझिग, आणि जातीचा प्रश्न

त्याच सुमारास जर्मनीत पारडं पुन्हा फिरलं. पंथनिष्ठ ल्यूथरनांनी १८३६ साली ड्रेस्डेनला एक नवं मिशन स्थापलं, १८४८ साली ते लाइपझिगला गेलं. त्याचा पहिला माणूस हाइनरिख कोर्डेस १८४१ पासून ट्रांकेबारला काम करू लागला आणि जुन्या डॅनिश मिशनचा वारसा टप्प्याटप्प्याने लाइपझिगकडे आला. ल्यूथरन पाळक, ल्यूथरन विधी, फॅब्रिशियसचं शास्त्र आणि गीतं, सगळं पुन्हा सुरळीत झालं. इथवरची गोष्ट निष्ठेची आहे आणि अशीच ती सांगितली जाते.

पण याच काळात अँग्लिकन मिशनांत दुसरं वादळ चालू होतं. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली हुकूम काढला, की मंडळीतला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे. तंजावर आणि वेपेरीतल्या कित्येक वेल्लाळ ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चला जाणंच सोडलं. त्याआधीच तंजावरात वेदनायगम शास्त्री या थोर तमिळ ख्रिस्ती कवीने नव्या मिशनरींविरुद्ध लेखणी उचलली होती. श्वार्ट्झचा तो शिष्य, सरफोजींच्या बरोबरीने वाढलेला. त्याच्या तक्रारी सरमिसळ होत्या: जुनं शास्त्रभाषांतर बदलू नका, लग्नसणातली फुलं काढून घेऊ नका, तमिळ संगीत बंद करू नका, आणि जातींना प्रभुभोजनात एकत्र बसायची सक्ती करू नका. मिशनची नोकरी गेल्यावर सरफोजींनी त्याला दरबारात आश्रय दिला.

आजच्या वाचकाला पहिल्या तीन तक्रारी पटतात आणि चौथी टोचते. शास्त्रींच्या मनात मात्र त्या चारही एकच होत्या: ‘आमची’ मंडळी आणि तिची रीत. भाषा, गाणं, फुलं आणि जात या सगळ्यांची मिळून ती ओळख बनली होती. मिशनरींना त्यातली जात तेवढी उचलून बाजूला ठेवायची होती. शास्त्रींना तसं काही वेगळं काढता येतं हेच मान्य नव्हतं. शास्त्रींची बाकीची बाजू मला मनापासून पटते. जातीच्या बाबतीत ते चुकले, आणि त्या चुकीची किंमत शास्त्रींना मोजावी लागली नाही, चर्चमध्ये जमिनीवर बसवल्या जाणाऱ्या खालच्या जातींच्या ख्रिस्तींना मोजावी लागली.

लाइपझिगचं धोरण वेगळं होतं. संचालक कार्ल ग्राउल १८४९ ते १८५३ या काळात प्रवासाला निघून भारतात येऊन गेला. तो गाढा तमिळ अभ्यासक, त्याने तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिकाव्याचा जर्मन अनुवाद केला. त्याचं मत असं, की जात ही मुख्यतः सामाजिक रचना आहे. शुभवर्तमानाच्या प्रभावाने ती आतून विरघळावी, बाहेरून सक्ती करू नये. मद्रासच्या बहुतेक प्रॉटेस्टंट मिशनांनी १८५० साली जातिभेदाविरुद्ध ठराव केला, लाइपझिगने त्यात भाग घेतला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. इंग्रज मिशनांतून बाहेर पडलेली वेल्लाळ कुटुंबं तंजावर, तिरुचिरापल्ली, मद्रास इथे ल्यूथरनांकडे आली आणि ल्यूथरन मंडळ्या वाढल्या.

लाइपझिगच्याच मिशनरींना हे सगळं पचलं असं नाही. कार्ल ओक्स याने आग्रह धरला, की निदान पाळक होऊ पाहणाऱ्यांनी तरी जात सोडल्याचं उघड दाखवावं. वाद विकोपाला गेला आणि ओक्स बाहेर पडला. मेलपट्टंबाक्कम इथे त्याने वेगळं काम सुरू केलं, ते पुढे डॅनिश मिशनरी सोसायटीशी जोडलं गेलं. गंमतीचा नाही, विचार करायला लावणारा योगायोग: डॅनिश राजाच्या मिशनचा वारसा जर्मनांकडे, आणि जातीवरून त्या वारशाशी भांडलेला जर्मन डॅनिशांकडे.

म्हणून १८४० नंतर ट्रांकेबारची परंपरा ल्यूथरन का राहिली, याला एका शब्दात उत्तर देणं मला अप्रामाणिक वाटतं. जुन्या शास्त्रावरचं, गीतांवरचं, प्रश्नोत्तरावलीवरचं प्रेम खरं होतं. ल्यूथरन मंडळीत जातीला हात लागणार नाही, हा दिलासाही तितकाच खरा होता. दोन्ही कारणं एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात नांदत असतील. ग्राउलची ‘आतून विरघळण्या’ची भाषा विद्वान माणसाची होती. पण राजनायक्कनला डावललं तेव्हाही हीच भाषा होती आणि मधल्या शंभर वर्षांत काय विरघळलं, असं परैयर ख्रिस्ती विचारू शकत होते. मंडळीची आसनं जुळवून घेताना त्यांचं मत कुणी घेतल्याचं मिशनच्या अहवालांत दिसत नाही.

जर्मन मिशन, स्वीडिश अभिषेक, तमिळ बिशप

तिसरी सोपवणूक महायुद्धाने घडवली. १९१४ नंतर ब्रिटिश सरकारने जर्मन मिशनरींना स्थानबद्ध केलं, परत पाठवलं. काम स्वीडनच्या चर्चच्या मिशनने हाती घेतलं. पण या वेळी मंडळ्या नुसत्या एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेल्या नाहीत. १४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च स्थापन झालं. आता ट्रांकेबारची मंडळी कुठल्या परदेशी संस्थेची शाखा नव्हती, एका तमिळ चर्चची सभासद होती.

१९२१ साली या चर्चचा पहिला बिशप म्हणून एर्न्स्ट हॉयमान यांचा अभिषेक झाला. स्वीडनच्या स्कारा इथले बिशप डानेल त्यासाठी आले होते. स्वीडिश चर्चमध्ये बिशपांची प्रेषितीय, म्हणजे येशूच्या प्रेषितांपासून चालत आलेली, परंपरा अखंड मानली जाते, ती अशी इथे आली. कार्यालय तिरुचिरापल्लीला, पण बिशपांचं पदनाम ‘ट्रांकेबारचे बिशप’. ज्या गावाने व्यापार गमावला, राजा गमावला, ते गाव एका चर्चच्या सर्वोच्च पदाच्या नावात जाऊन बसलं. नावाची ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. स्वीडिश, जर्मन, डॅनिश यांतलं कुठलंच बिरूद न घेता या चर्चने आपल्या पहिल्या मंडळीचं गाव घेतलं.

पुढचे दोन बिशपही स्वीडिशच होते. १४ जानेवारी १९५६ रोजी, चर्चच्या स्थापनेच्याच तारखेला, राजा मणिकम यांचा अभिषेक झाला. ते पहिले भारतीय बिशप. आरोनच्या दीक्षेपासून इथवर यायला २२२ वर्षं लागली.

मधे १९४७ येऊन गेलं होतं. २७ सप्टेंबरला अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया बनलं. ल्यूथरन बाहेर राहिले. या ऐक्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं बिशपपदावरून अडल्या होत्या, पण ट्रांकेबारच्या चर्चला ती अडचण नव्हती, त्याच्याकडे बिशप होते आणि परंपराही होती. अडलं ते विश्वासांगीकारावर. प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर उपस्थित असतं ही शिकवण आणि ऑग्जबर्ग विश्वासांगीकाराचं स्थान सैल होऊ नये, ही ल्यूथरन भूमिका. दोन्ही चर्चमध्ये त्यानंतर बरीच बोलणी झाली आणि शिकवणीतलं अंतर कमीही झालं, पण चर्च वेगळीच राहिली.

मला इथे १८२० शी फरक दिसतो. तेव्हा खेड्यांतल्या मंडळ्या दुसऱ्यांनी देऊन टाकल्या. १९४७ साली नाही म्हणणारं चर्च स्वतःचं होतं. त्या नकारामुळे किंग स्ट्रीटवरची दोन चर्च दोन वेगळ्या छत्रांखाली राहिली, आणि ऐक्याच्या बाजूच्या लोकांना त्याचं दुःख वाटतं, ते समजण्यासारखं आहे. तरी निर्णय कुणी केला याला महत्त्व आहेच. शिकवण तेव्हा नुसतं पाठांतर उरली नव्हती, लोकांनी तिच्यासाठी काहीतरी सोडलं होतं.

‘डॅनिश’ गाव

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तरंगंबाडीच्या किनाऱ्यावरची वस्ती उद्ध्वस्त केली. त्यानंतरच्या वर्षांत गावातल्या जुन्या इमारतींचं जतन जोमाने सुरू झालं, डॅनिश मदत आली, गव्हर्नरचा बंगला सावरला गेला. २००६ साली झीगेनबाल्गच्या आगमनाला ३०० वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा झाला. झीगेनबाल्ग राहत असे त्या घरात आता संग्रहालय आहे. हे सगळं चांगलंच आहे. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे: पर्यटनाच्या भाषेत हे गाव ‘डॅनिश’ होऊन बसतं आणि न्यू जेरुसलेम ‘डॅनिश चर्च’. दर्शनी भिंतीवरचा मुकुट पाहून तसं म्हणणं सोपं जातं.

हिशेब केला तर डॅनिशांचा अंमल इथे १६२० ते १८४५, म्हणजे सव्वादोनशे वर्षं होता. त्यांतली मंडळीच्या वाट्याला आलेली १३८. डॅनिश गेल्यानंतर ही मंडळी त्याहून जास्त वर्षं जगली आहे आणि त्या काळात तिने स्वतःचं चर्च उभारलं, बिशप केला, विलीनीकरण नाकारलं आणि तमिळमधली उपासना रविवारमागून रविवार चालू ठेवली. तिचा इतिहास लिहिणाऱ्याला हाल्लेच्या अहवालांतून झीगेनबाल्ग सविस्तर सापडतो. १७१० ते १७७२ पर्यंत ते नियमित छापले गेले आणि फार मोलाचे आहेत. पण त्यांत बोलतो तो मिशनरी. आरोन आणि राजनायक्कन तिथे दुसऱ्याच्या वाक्यात येतात आणि १८४० च्या दशकात अँग्लिकन व्हायचं नाकारणारे सभासद तर त्यात नाहीतच. मंडळीच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या, उपदेशकांची तमिळ पत्रं, थडग्यांवरची तमिळ नावं, आणि मागे जमिनीवर बसलेल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या आठवणी, यांतून हा इतिहास पुन्हा लिहिला गेला पाहिजे. १८४५ ला थांबणारी कुठलीही हकिगत ट्रांकेबारच्या वसाहतीची असेल, मंडळीची नाही.